झाउंड्स

झाउंड्स : इंग्रजी भाषेतील एक कालबाह्य उद्‌गारवाचक शब्द. राग, आश्चर्य किंवा अधीरता व्यक्त करण्यासाठी, तसेच एखादे विधान ठासून सांगण्यासाठी तो सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत प्रचारात होता. ‘गॉड्स वून्ड्स’ म्हणजे ‘देवाच्या जखमांची शपथ’ या शब्दसमूहाचे ते संक्षिप्त रूप होय. येथे देव म्हणजे येशू ख्रिस्त आणि जखमा म्हणजे क्रुसावर त्याच्या दोन्ही हातांना, दोन्ही पायांना व कुशीला झालेल्या पाच जखमा. व्याकरणाच्या दृष्टीने केवळ केवलप्रयोगी अव्यय ठरणाऱ्या या व अशा इतर शब्दांसाठी इंग्लंडच्या संसदेने कायदे केले, नाट्यसंहितांतील संवाद बदलले गेले आणि प्रसंगी राजालाही निवाडा द्यावा लागला. मात्र दंडाच्या भयाने हा शब्द लोपला असे दिसत नाही. त्यामागील श्रद्धेचा व मूळ अर्थाचा विसर पडल्यावर तो प्रथम निरुपद्रवी झाला आणि त्यानंतर निरुपयोगी ठरला.

व्युत्पत्ती व उच्चार : मूळ शब्दसमूहातील ‘गॉड’ हा शब्द गळून त्याच्या षष्ठी विभक्तीचा प्रत्यय तेवढा पुढील शब्दाला चिकटला आणि ‘स्वून्ड्स’, ‘झून्ड्स’, ‘झून्स’, ‘झाउंड्स’ अशी रूपे तयार झाली. देवाचे नाव उच्चारण्याचा दोष टाळावा, परंतु शपथेचा जोर मात्र राहावा, अशी ही युक्ती होती. याच पद्धतीने ‘देवाचे रक्त’ यावरून ‘स्ब्लड’, ‘देवाचा मृत्यू’ यावरून ‘स्डेथ’, ‘देवाचा प्रकाश’ यावरून ‘स्लाइट’ आणि ‘देवाची पापणी’ यावरून ‘स्लिड’ हे उद्‌गार बनले. ‘गॅडझूक्स’ हा उद्‌गार क्रुसाच्या खिळ्यांवरून आला असावा, असे सामान्यतः मानले जाते. ‘ऑड्स बॉडिकिन्स’ या उद्‌गारात देवाच्या देहाचा निर्देश आहे. 

या शब्दाच्या उच्चाराचा इतिहासही लक्षणीय आहे. जखम या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे ‘वून्ड’ व ‘वाउंड’ असे दोन्ही उच्चार एके काळी रूढ होते. पुढे ‘वून्ड’ हा उच्चार शिष्टमान्य ठरला. उद्‌गारात मात्र ‘झाउंड्स’ हेच रूप टिकून राहिले. परिणामतः मूळ शब्द आणि त्याचा उद्‌गार यांतील ध्वनिसाम्य नष्ट झाले व ऐकणाऱ्याला जखमांची आठवण होण्याचे कारण उरले नाही. जॉर्ज फार्कर (१६७८–१७०७) या नाटककाराच्या लव्ह अँड अ बॉटल या १६९८ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकात या दोन उच्चारांवर विनोद केलेला आहे. ‘झून्स’ हे रूप सेवामुक्त सैनिकी अधिकाऱ्यांचे व दांडगटांचे, तर ‘झाउन्स’ हे छानछोकी तरुणांचे, असा भेद त्यातील एक पात्र करते. शपथ धर्मदृष्ट्या निंद्य आहे की नाही, यापेक्षा तिचा कोणता उच्चार फॅशनला धरून आहे याला महत्त्व आल्याचे यावरून दिसून येते.

मध्ययुगीन पार्श्वभूमी : मध्ययुगीन यूरोपमध्ये शपथ हा समाजव्यवस्थेचा एक आधारस्तंभ होता. सामंत आपल्या स्वामीशी शपथेने बांधलेला असे. न्यायालयात आरोपीच्या सचोटीबद्दल इतरांनी घेतलेल्या शपथांना पुराव्याचे मोल असे. शपथ म्हणजे साक्षात ईश्वराला साक्षीस बोलावणे. म्हणून क्षुल्लक कारणासाठी ती घेणे हा ईश्वराचा अवमान आणि समाजातील परस्परविश्वासावरील आघात समजला जाई. देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये, ही आज्ञा बायबलमधील दशाज्ञांमध्ये अंतर्भूत आहे.

ख्रिस्ताच्या अवयवांची शपथ घेण्याबाबत याहूनही भीषण अशी एक कल्पना रूढ होती. क्रुसावर एकदा छळ सोसलेल्या ख्रिस्ताचा देह अशा प्रत्येक शपथेने पुन्हा फाडला जातो, असे धर्मोपदेशक सांगत. रॉबर्ट मॅनिंग याने १३०३ मध्ये रचावयास घेतलेल्या हँडलिंग सिन या पद्यग्रंथात शपथा घेण्याची खोड जडलेल्या एका श्रीमंत माणसाची कथा आहे. छिन्नविच्छिन्न झालेले बालक कडेवर घेऊन मेरी त्याच्यापुढे प्रकट होते आणि त्याच्याच शपथांनी आपल्या पुत्राची ही दशा केली आहे, असे त्याला सांगते. बकिंगहॅमशर परगण्यातील ब्रॉटन येथील चर्चच्या भिंतीवर याच कल्पनेवर आधारलेले पंधराव्या शतकातील चित्र आहे. मध्यभागी मृत ख्रिस्ताला मांडीवर घेतलेली मेरी आणि सभोवती झोकदार पोशाखातील तरुण असे त्याचे स्वरूप असून, त्या तरुणांपैकी काहींच्या हाती ख्रिस्ताच्या देहाचे तुकडे दाखविलेले आहेत. निरक्षर भाविकांना हे चित्र म्हणजे एक प्रवचनच होते. लिंकनशरमधील कॉर्बी ग्लेन येथील चर्चमध्येही याच विषयाचे भित्तिचित्र आढळते. स्टीव्हन हॉझ या कवीने १५०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या काव्यात शपथा घेणाऱ्यांना हाच उपदेश केला आहे.

जेफ्री चॉसर (सु. १३४३–१४००) याच्या कँटरबरी टेल्समध्ये या प्रश्नाच्या दोन्ही बाजू पाहावयास मिळतात. पापक्षमापत्रे विकणारा पार्डनर आपल्या कथेत शपथांचा तीव्र निषेध करतो. तथापि तो स्वतःच लोभी व दांभिक असल्यामुळे या निषेधाला उपरोधाची धार येते. अन्यत्र सराईचा मालक देवाच्या हाडांची शपथ घेतो, तेव्हा ग्रामधर्मगुरू त्याला हटकतो. त्यावर आपल्याला येथे लोलार्डाचा वास येत आहे, असे मालक म्हणतो. जॉन विक्लिफच्या अनुयायांना लोलार्ड म्हणत आणि त्यांचा शपथांना विरोध असे. म्हणजे शपथ न घेणे हेही त्या काळी पाखंडाचे लक्षण ठरू शकत होते.

पाच जखमांची भक्ती ही केवळ पंडितांपुरती मर्यादित नव्हती. आठव्या हेन्रीच्या धर्मविषयक धोरणाविरुद्ध १५३६ मध्ये उत्तर इंग्लंडमध्ये झालेल्या ‘पिल्ग्रिमेज ऑफ ग्रेस’ या उठावात बंडखोरांच्या निशाणावर ख्रिस्ताच्या पाच जखमांचे चिन्ह होते. उठाव मोडून काढण्यात आला. पुढील काळात प्रॉटेस्टंट मताच्या प्रसाराबरोबर चर्चमधील अशी चित्रे चुन्याने झाकली गेली आणि या भक्तीचे सार्वजनिक स्वरूप संपुष्टात आले. ‘झाउंड्स’ हे संक्षिप्त रूप मुद्रित साहित्यात दिसू लागते ते त्यानंतर, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात. ज्या जखमांसमोर आजोबा गुडघे टेकत, त्या नातवाच्या तोंडी केवळ उद्‌गार म्हणून उरल्या.

सामाजिक प्रतिष्ठा : शपथा घेणे धर्मदृष्ट्या पाप असले, तरी उच्चवर्गात ते बाणेदारपणाचे लक्षण मानले जाई. सर टॉमस एलियट याने द गव्हर्नर (१५३१) या ग्रंथात, जो मोठमोठ्या शपथा घेतो तो उमरावासारखी शपथ घेतो अशी लोकांची समजूत असल्याचे खेदाने नमूद केले आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीचा शिक्षक रॉजर ॲस्कम (१५१५–६८) याचा द स्कूलमास्टर हा ग्रंथ १५७० मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाला. त्यात त्याने एका सद्‌गृहस्थाच्या घरी पाहिलेल्या चार वर्षांच्या मुलाची हकीकत दिली आहे. जेवणापूर्वीची लहानशी प्रार्थनाही त्या मुलाला म्हणता येत नव्हती; शपथा मात्र तो अस्खलित घेत असे आणि घरातील मोठी माणसे त्याचे कौतुक करीत. विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याच्या चौथा हेन्री या नाटकाच्या पहिल्या भागात हॉट्‌स्पर हा सरदार आपल्या पत्नीच्या मिळमिळीत शपथेची थट्टा करतो व उमरावस्त्रीला शोभेल अशी तोंडभरून शपथ घ्यावयास सांगतो. बेन जॉन्सनच्या एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर या नाटकात खेड्यातून आलेला एक तरुण बढाईखोर बोबॅडिलच्या शपथा ऐकून भारावतो आणि त्यांचा सराव करू लागतो. शपथांची ही भाषा वर्गभेदाची निदर्शक कशी बनली होती, हे यावरून स्पष्ट होते.

रंगभूमी व १६०६ चा कायदा : पहिल्या जेम्सच्या कारकीर्दीत, मे १६०६ मध्ये, नटांच्या गैरवर्तनास आळा घालणारा कायदा संमत झाला. कोणत्याही नाटकात वा खेळात ईश्वराचे, येशू ख्रिस्ताचे, पवित्र आत्म्याचे किंवा त्रैक्याचे नाव थट्टेने अथवा अनादराने उच्चारल्यास प्रत्येक अपराधाला १० पौंड दंड ठरविण्यात आला. त्यातील निम्मी रक्कम राजाला व निम्मी फिर्याद करणाऱ्यास मिळावयाची होती. त्या काळी सार्वजनिक नाट्यगृहाच्या अंगणात उभे राहून नाटक पाहण्यास एक पेनी पडे. म्हणजे एका शपथेचा दंड हा अशा २,४०० प्रेक्षकांच्या प्रवेशमूल्याएवढा होता. शिवाय निम्मा दंड खबर देणाऱ्यास मिळत असल्याने प्रत्येक प्रेक्षक हा संभाव्य फिर्यादी ठरला. साहजिकच नाटकमंडळ्यांनी संवादांतून शपथा वगळण्यास प्रारंभ केला.

हा कायदा रंगभूमीवरील उच्चारणाला लागू होता, मुद्रणाला नव्हता. तरीही त्याचे परिणाम मुद्रित संहितांवर झालेले दिसतात. शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर त्याच्या सहकारी नटांनी १६२३ मध्ये त्याच्या नाटकांची संकलित फोलिओ आवृत्ती काढली. तिच्यातील अनेक नाटकांत, पूर्वीच्या सुट्या क्वार्टो आवृत्त्यांत आढळणाऱ्या शपथा नाहीत. ऑथेल्लोच्या १६२२ च्या क्वार्टोमध्ये पहिल्याच प्रवेशात इयागोच्या तोंडी ‘झाउंड्स’ हा उद्‌गार येतो. मध्यरात्री एका वृद्ध सिनेटरला जागे करून त्याची कन्या पळाल्याचे सांगताना त्याने वापरलेला हा शब्द त्या पात्राचा उर्मटपणा क्षणात प्रकट करतो. फोलिओमध्ये तो नाही. त्या नाटकातील पन्नासाहून अधिक शपथा तेथे वगळलेल्या वा बदललेल्या आहेत. हॅम्लेटमध्ये राजपुत्राच्या तोंडच्या ‘स्वून्ड्स’ या उद्‌गाराच्या जागी ‘व्हाय’ व ‘कम’ असे साधे शब्द आले आहेत.

तिसरा रिचर्ड या नाटकातील बदल विशेष उद्‌बोधक आहे. सिंहासनासाठी आसुसलेला रिचर्ड दोन धर्माधिकाऱ्यांच्या मध्ये उभा राहून विरक्तीचे सोंग आणतो. त्याचा साथीदार बकिंगहॅम ठरल्याप्रमाणे रागावल्याचे नाटक करून ‘झाउंड्स’ या उद्‌गारासह निघून जाऊ लागतो. त्यावर, राजपुत्रांच्या हत्येचा बेत मनात घोळणारा रिचर्ड त्याला शपथ न घेण्याची सात्त्विक विनवणी करतो. १५९७ च्या क्वार्टोमध्ये असलेला हा संवाद फोलिओमध्ये नाही. शपथ काढल्याने तिचा निषेधही निरर्थक झाला आणि दोन्ही वाक्ये गेली. दांभिकतेवरील एक मार्मिक प्रहार अशा रीतीने धर्मरक्षणाच्या उपायांत नाहीसा झाला. मात्र ही काटछाट सर्वत्र सारखी झालेली नाही. किंग जॉन या प्रथम फोलिओतच छापलेल्या नाटकात ‘झाउंड्स’ कायम आहे. संहितेत शपथा आहेत की नाहीत, यावरून ती कोणत्या हस्तलिखितावर आधारलेली असावी याचे अनुमान पाठचिकित्सक करतात. आधुनिक संपादक क्वार्टोच्या आधारे पुष्कळदा हे शब्द पुन्हा संहितेत घेतात.

१६३४ चा वाद : नाटकांचे पूर्वपरीक्षण करून परवाना देण्याचे काम ‘मास्टर ऑफ द रेव्हल्स’ हा दरबारी अधिकारी करीत असे. १६२३ पासून हे पद सर हेन्री हर्बर्ट याच्याकडे होते. विल्यम डॅव्हनंटच्या द विट्‌स या नाटकातील अनेक उद्‌गार त्याने शपथा म्हणून खोडले. एंडिमियन पोर्टर या दरबाऱ्याने त्याबद्दल राजाकडे गाऱ्हाणे नेले. तेव्हा पहिल्या चार्ल्सने जानेवारी १६३४ मध्ये हर्बर्टला बोलावून संहिता स्वतः तपासली आणि ‘फेथ’, ‘डेथ’ व ‘स्लाइट’ हे शब्द शपथा नसून केवळ ठासून सांगण्याचे प्रकार आहेत, असा निर्णय दिला. हर्बर्टने आज्ञा शिरसावंद्य मानली. परंतु आपल्या मते त्या शपथाच होत, अशी नोंद त्याने आपल्या कार्यालयीन वहीत करून ठेवली. शब्दातून ईश्वराचे नाव गळाल्यावरही त्यातील शपथ शिल्लक राहते काय, हा खरा वादाचा मुद्दा होता. राजाने प्रचलित वापर प्रमाण मानला, तर अधिकाऱ्याने मूळ अर्थ. ‘झाउंड्स’च्या संपूर्ण इतिहासात हाच वाद निरनिराळ्या रूपांत चाललेला दिसतो.

दंडविधान : रंगभूमीबाहेरील सर्वसामान्य लोकांसाठीही संसदेने कायदे केले. १६२४ च्या कायद्याने प्रत्येक शपथेस १२ पेन्स दंड ठरविला व ती रक्कम पॅरिशमधील गरिबांसाठी राखून ठेवली. दंड न भरणाऱ्या प्रौढास तीन तास खोड्यात अडकविण्याची व बारा वर्षांखालील मुलास फटक्यांची शिक्षा होती. यादवी युद्धाच्या काळात ऑलिव्हर क्रॉमवेलच्या सैनिकांना शपथेबद्दल १२ पेन्स भरावे लागत, असे १६४३ मधील एका वृत्तपत्रकात म्हटले आहे. प्रजासत्ताकाच्या अमदानीतील १६५० च्या कायद्याने दर्जानुसार दंड ठरविला. पहिल्या अपराधाबद्दल उमरावास ३० शिलिंग, बॅरोनेट वा नाइट यास २०, एस्क्वायरला १०, जंटलमनला ६ शिलिंग ८ पेन्स आणि इतरांना ३ शिलिंग ४ पेन्स असे त्याचे प्रमाण होते. उमरावासारखी शपथ घेणाऱ्याने उमरावासारखा दंडही भरावा, हे तत्त्व यात दिसते. 

याच काळात क्वेकर पंथीयांनी न्यायालयातील शपथही नाकारली. सत्य एकच असल्याने शपथेवर बोलण्याचे व एरवी बोलण्याचे सत्य वेगळे असू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यापायी अनेकांना तुरुंगवास भोगावा लागला. अखेर १६९६ च्या कायद्याने शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञेवर बोलण्याची मुभा त्यांना मिळाली. बाजारातील सैल शपथ आणि न्यायालयातील गंभीर शपथ या दोन्हींच्या मुळाशी शब्दाच्या पावित्र्याचा एकच प्रश्न असल्याचे या घटनेवरून लक्षात येते.

१६९० नंतरच्या दशकात आचारसुधारणेसाठी स्थापन झालेल्या संस्थांनी शपथा घेणाऱ्यांविरुद्ध फिर्यादी दाखल केल्या. जेरेमी कॉलिअर या धर्मगुरूने १६९८ मध्ये इंग्लिश रंगभूमीच्या अनीतीवर कठोर टीका करणारा ग्रंथ लिहिला व त्यात नाटकांतील शपथांचा स्वतंत्र विचार केला. १७४५ च्या कायद्याने मजूर, शिपाई व खलाशी यांस १ शिलिंग, जंटलमनच्या दर्जाखालील इतरांस २ आणि जंटलमन वा त्यावरील व्यक्तीस ५ शिलिंग असा दंड ठेवला. हा कायदा चर्चमध्ये दर तिमाहीस वाचून दाखवावा, अशीही तरतूद होती. पुढे त्याचा वापर मागे पडला. औपचारिक रीत्या तो १९६७ मध्ये रद्द झाला.

अर्थलोप : दंडाचे कायदे अंमलात असतानाच अठराव्या शतकात ‘झाउंड्स’ मधील धार्मिक आशय विरून गेला. हेन्री फील्डिंगच्या टॉम जोन्स (१७४९) या कादंबरीतील स्क्वायर वेस्टर्न या उतावळ्या ग्रामीण जमीनदाराच्या बोलण्यात हा शब्द सवयीचा भाग म्हणून येतो. लॉरेन्स स्टर्नच्या ट्रिस्ट्रम शँडी या कादंबरीच्या १७६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या खंडात तर या शब्दाभोवती एक संपूर्ण प्रसंग रचलेला आहे. धर्मपंडितांच्या एका भोजनप्रसंगी फ्यूटॅटोरियस एकाएकी ‘झाउंड्स’ असे ओरडतो. उपस्थित मंडळी त्या उद्‌गाराच्या स्वराची चिकित्सा करतात. योरिक या धर्मोपदेशकावर तो आता तुटून पडणार, असा काहींचा तर्क होतो. प्रत्यक्षात टेबलावरून घरंगळलेले एक गरम चेस्टनट त्याच्या विजारीत पडलेले असते. ज्या शब्दात एके काळी ख्रिस्ताच्या वेदना होत्या, तो आता भाजल्याचा चटका व्यक्त करण्यापुरता उरला. तरीही मुद्रक तो कधी कधी मधली अक्षरे गाळून, रेघ ओढून छापीत. अर्थ गेल्यावरही निषिद्धपणाची सवय काही काळ टिकते, याचे हे उदाहरण होय.

रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडनच्या द रायव्हल्स (१७७५) या नाटकात सर अँथनी ॲब्सोल्यूट हा तापट पिता ‘झाउंड्स’ वापरतो. उलट खेड्यातून आलेला बॉब एकर्स, जुन्या शपथांचा काळ संपला असे सांगून, बोलण्याच्या विषयाला साजेशा नव्या शपथा जुळवीत असतो. शस्त्रांचा विषय निघाला की बंदुकीच्या चापाची व गारेची शपथ, असा त्याचा प्रकार आहे. जुन्या पिढीची खूण म्हणून ‘झाउंड्स’कडे पाहिले जाऊ लागल्याचे यावरून जाणवते.

उत्तरकाल : एकोणिसाव्या शतकात हा शब्द बोलण्यातून जवळजवळ नाहीसा झाला आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांत व नाटकांत जुन्या काळाचा आभास निर्माण करण्यापुरता राहिला. अशा उसन्या जुनाट भाषेला रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने १८८३ मध्ये ‘टशरी’ असे विनोदी नाव दिले. याच सुमारास इंग्रजी समाजातील निषिद्ध शब्दांचे क्षेत्रही बदलले. धर्मविषयक शब्दांची धार बोथट होऊन शरीरविषयक शब्द अधिक आक्षेपार्ह ठरू लागले. विसाव्या शतकात विडंबनात्मक लेखन व चित्रकथा यांतून ‘झाउंड्स’ हसे निर्माण करण्यासाठी वापरला गेला.

ब्रॉटन येथील भित्तिचित्रातील तरुण ज्या शपथांमुळे दोषी ठरले, त्यांचेच हे रूप आज कोणालाही दुखवीत नाही. तथापि शेक्सपिअरच्या संहितेतील एखादा तुटका संवाद किंवा हर्बर्टच्या वहीतील एक मतभेदाची नोंद यांचा अर्थ लावावयाचा, तर या विस्मृत उद्‌गारामागील श्रद्धा ध्यानात घ्यावी लागते. या दृष्टीने ‘झाउंड्स’चा इतिहास हा केवळ एका शब्दाचा नसून, शब्दाने देवालाही जखम होते असे मानणाऱ्या समाजाच्या स्थित्यंतराचा इतिहास होय.